अडतीस घरांचं चाक

रूलेट नावाच्या खेळात चाकाचा मालक कधी बुडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी मालक झालो.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नव्हतं. लढाईत आमची पलटण मिसरात होती आणि माझी नेमणूक कैरोत, गोऱ्या साहेबांच्या क्लबात, टेबलावर ताटं मांडायला झाली होती. (गावात मी ‘रणगाड्यांच्या मागं होतो’ असं सांगायचो. ते खोटं नव्हतं. क्लबाच्या पुढच्या अंगणात रणगाडे उभे असायचे आणि मी मागच्या स्वयंपाकघरात.) तिथं रूलेटची दोन टेबलं होती. चाक फिरवणारा एक लठ्ठ म्हातारा होता, त्याला मोडकीतोडकी हिंदुस्थानी येत होती. उरलेलं गोडधोड मी त्याला गुपचूप नेऊन द्यायचो, आणि त्याच्या बदल्यात त्यानं मला त्या चाकाची सगळी पोटातली गोष्ट सांगितली.

गोष्ट साधी होती. चाकाच्या कडेनं घरं. एक ते छत्तीस आकडे, निम्मे लाल, निम्मे काळे. शिवाय एक घर शून्याचं, ते ना लाल ना काळं. चाक एकीकडं फिरवायचं, गोटी उलटीकडं सोडायची, ती ज्या घरात बसेल तो आकडा जिंकला. एका आकड्यावर एक रुपया लावला आणि तो आला, तर आपला रुपया परत आणि वर पस्तीस. ऐकायला लय झकास वाटतं. पण घरं छत्तीस नाहीत, सदतीस आहेत! दुसऱ्या टेबलावर अमेरिकन साहेब बसायचे. त्यांच्या चाकाला शून्याची दोन घरं, म्हणजे एकूण अडतीस. देणं मात्र तेवढंच, पस्तीस.

“ते दुसरं शून्य कशाला?” मी म्हाताऱ्याला विचारलं होतं.

“ते माझ्या मालकाच्या बंगल्याला,” तो म्हणाला. “पहिलं माझ्या पगाराला.”

लढाई संपली, मी घरी आलो. आमचं गाव कृष्णाकाठी. कोर्टकचेरीला सातारा, बाजाराला सांगली. घरात थोरला भाऊ आबा, माझी बायको रखमा आणि दोन बैल. मी सहा वर्षं परमुलखात ताटं मांडत होतो तेव्हा आबा विहिरीवर मोट हाकत होता. पहाटे सुरू, दुपारी भाकरी, पुन्हा सुरू. बैलांना मागं-मागं चालवत धावेवर चढवायचं, पुढं हाकत उतरवायचं, आणि तेवढ्या कष्टावर चार पाट पाणी. आबाच्या मनात एकच गोष्ट होती. विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं. त्या साली ऊस चांगला आला होता, गुऱ्हाळ उठलं होतं आणि घरात गुळाच्या चाळीस ढेपा रचून ठेवल्या होत्या. माघातली जत्रा झाली की ढेपा सांगलीला न्यायच्या, विकायच्या आणि इंजिन घ्यायचं, असा बेत ठरला होता. प्रत्येक ढेपेच्या पोत्यावर आबानं स्वतः निळीच्या तीन रेघा ओढल्या होत्या.

एकदा धावेवर बसून मी आबाला रूलेट समजावून दिलं. आबानं बैल थांबवले नाहीत, पण कान इकडं ठेवला.

“म्हंजे एका गोलाच्या चाकावर सदतीस ढेपा लावायच्या आन् छत्तीस परत घ्याच्या?” आबा म्हणाला.

“रोज खेळलं तर साधारण तसंच.”

“आन् दोन गोलाच्या चाकावर?”

“अडतीस लावायच्या, छत्तीस परत.”

“मग ह्यो खेळ कसला गड्या? ही तर अडत झाली. सांगलीत आपला अडत्या ह्येच करतो, पर तो निदान च्या पाजतो.”

“काही टेबलांवर दया पण आसती, आबा. लाल-काळ्यावर लावलं आन् शून्य आलं, तर निम्मं परत देत्यात.”

“आन् सायेब लोकांना ह्ये ठावं आसतं?”

“आसतं की.”

“तरी खेळत्यात?”

“सायेब हायत त्ये.”

 मोट भरून आली होती, आबानं ती ओतली. मी मात्र तिथंच बसून ठरवलं की यंदा जत्रेत चाक लावायचं. चार ढेपा वर सुटल्या तर इंजिनाबरोबर चांगला पट्टाही घेता येईल. आबाला चकित करायचं. (आबा चकित झाला. तेवढं माझं गणित बरोबर आलं.)

पैशाचा खेळ लावला तर फौजदार येणार, म्हणून मी खेळ गुळाचा ठेवला. गूळ लावायचा, गूळ न्यायचा. गुळाला जुगार म्हणणारा फौजदार अजून जन्माला यायचा होता. आबाकडून मी ‘एका दिवसापुरतं’ म्हणून गाडीचं एक चाक मागून घेतलं. बापू सुतारानं आस जमिनीत उभा पुरला, त्यावर चाक आडवं बसवलं, वर फळ्यांची तबकडी ठोकली आणि भोवतीनं रॉकेलच्या डब्याचा पत्रा वळवला. गोटी सोडावॉटरच्या बाटलीतली. लाल घरांना कुंकू, काळ्यांना काजळी.

“मोकळं घर एक ठिवू का दोन?” बापूनं विचारलं.

“दोन.”

“चार ठिवली तर?”

“चार ठिवली तर त्याला चोरी म्हणत्यात.”

“आन् दोन ठिवल्यावर?”

“अमेरिका.”

बापूनं दोन ठेवली. रखमा हे सगळं उंबऱ्यात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, “आवं, मान्सं हरणारच हायत ह्ये तुमाला ठावं हाय, तर त्यास्नी आधी सांगत का न्हाई?”

“सांगितल्यावर खेळंल कोण?”

“मग तुमी पलटणीत जाऊन शिकलासा काय?” असं म्हणून ती आत गेली. बायकांना व्यापार कळत नाही, असं मी तेव्हा बापूला म्हटलं. आज ते म्हणायला मी तयार नाही.

जत्रेच्या सकाळी पहिली अडचण आली. तात्या पाटील, म्हणजे गावातला शेवटचा शब्द, काठी टेकत चाकाच्या मांडवात आले. चाकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“गणपा, एकाचं पस्तीस देणार म्हनं तू.”

“व्हय तात्या.”

“कशातनं? खिशातनं? आदी गूळ दाखीव, मग चाक फिरीव.”

बोलणं रास्त होतं. आबा पहाटेपासून देवळात होता; पालखीच्या पुढच्या दांडीचा मान आमच्या घराकडं आहे. त्याला विचारायला माणूस धाडावं, असं माझ्या मनात आलं, आणि तसंच ते गेलं. बापूची गाडी जोडली, दोन खेपांत चाळीसच्या चाळीस ढेपा मांडवात आणल्या आणि माझ्या पाठीमागं भिंतीसारख्या रचल्या. नुसत्या दाखवायला आणल्या होत्या, बरं का! त्यातली एकही जाणार नाही, याची मला खात्री होती. मालक कधी बुडत नसतो.

आणि दुपारपर्यंत तसंच झालं. कुणी गुळाचा खडा लावी, कुणी पावशेराची भेली. सात म्हणावं, एकवीस म्हणावं, धाकट्या सुनेच्या माहेरचा आकडा म्हणावा. मधूनच कुणाला तरी पस्तीस खडे मिळत, तो नाचत जाई आणि चार घरची माणसं घेऊन परत येई. माझ्यापुढं गुळाचा ढीग वाढत होता. मी मिशीला पीळ देत होतो. शून्य आलं की सगळा गूळ माझा, आणि शून्यं दोन होती. लोक हरत होते, पण हसत हरत होते, आणि मुंग्यांसकट सगळे खूश होते.

मग पालखी देवळात परत आली आणि तात्या पाटलांना सुचलं.

“ही काय खेळायची रीत हाय व्हय रं?” ते म्हणाले. “ज्यो त्यो आपल्या मनाचा आकडा लावतोय. गावात भैरोबा हाय कशाला?”

आमच्या गावात विहिरीची जागा असो, सोयरीक असो की हरवलेली म्हैस असो, भैरोबाचा कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर ‘व्हय’, डावी पडली तर ‘न्हाई’. पण रूलेटचा आकडा देवाला विचारायचा, हे कैरोत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गाव देवळात गेलं. गुरवानं एकापासून सुरुवात केली. देव एकाला नाही म्हणाला, दोनाला नाही म्हणाला, सोळापर्यंत नाही म्हणाला. सतराला उजवी कळी टपकन पडली.

पुढचं मी मांडवातूनच ऐकलं. आधी आरोळी, मग पळापळ. जो तो आपापल्या घराकडं. मला वाटलं, चला, जेवायला गेले. ते जेवायला गेले नव्हते. ते गूळ आणायला गेले होते.

सकाळी खडे लावणारी माणसं आता ढेपा घेऊन यायला लागली. सगळ्या सतरावर. पाटलांनी एक ठेवली. बापू सुतारानं एक ठेवली. (ज्या हातानं चाक केलं त्याच हातानं!) गुरवानं लेकाच्या डोक्यावर देऊन एक धाडली. बायकांनी पदरातनं भेल्या आणल्या, त्यांच्याच दोन ढेपा भरल्या. त्यात एक भेली मला ओळखीची वाटली. वर बघतो तर रखमा.

“तू बी?”

“आवं, देवाचा कौल हाय,” ती म्हणाली. “आपल्याच घरात येनार हाय न्हवं?”

“आपल्याच घरातनं जानार हाय!”

हे मी मोठ्यानं बोलायला नको होतं. तिनं माझ्या मागच्या ढेपांकडं बघितलं, निळीच्या रेघांकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

मोजल्या तर सतरावर अकरा ढेपा झाल्या होत्या. अकरा वेळा पस्तीस, तीनशे पंच्याऐंशी. माझ्याकडं चाळीस. आणि त्या क्षणी मला कैरोच्या टेबलाशेजारची एक छोटी पितळी पाटी आठवली. एका आकड्यावर अमुक इतक्याच्या वर लावता येणार नाही, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. सहा वर्षं ती पाटी मी रोज फडक्यानं पुसत होतो. शून्य ध्यानात ठेवलं, पस्तीस ध्यानात ठेवलं, लाल-काळं ध्यानात ठेवलं. ज्या पाटीवर मालकाचा जीव टांगलेला असतो ती मी नुसती चकचकीत ठेवली. सदतीस वेळा जिंकणारा मालक अडतिसाव्या वेळी उभा राहायला तर हवा ना.

“बास, बास,” मी म्हणालो. “एका आकड्यावर एवढा गूळ चालत न्हाई. तसा नेम हाय.”

“सकाळी सांगितला न्हाईस,” तात्या म्हणाले.

“इसरलो.”

“देवाच्या कौलाला नेम लावतूस व्हय गणपा?”

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. गावात राहून या प्रश्नाला ‘व्हय’ म्हणता येत नाही. मी ‘न्हाई’ म्हणालो. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि आबा आत आला. अंगभर गुलाल, चेहऱ्यावर समाधान आणि खांद्यावर पालखीच्या मानाची मिळालेली ढेप. माझ्याकडं बघून तो हसला आणि सगळ्या गावादेखत ती ढेप सतरावर ठेवली.

बारा. चारशे वीस.

“फिरीव,” आबा म्हणाला. “बघू तुजं चाक.” मग त्याची नजर माझ्या पाठीमागं गेली. हसू तिथंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. “गणपा, ह्या ढेपा कुनाच्या?”

“मालकाच्या.”

“मालक कोन?”

“मी.”

“आन् ह्या निळीच्या रेघा?”

 आबा जवळ आला आणि हळूच म्हणाला, “सतरा आला तर किती द्याचं?”

“चारशे वीस.”

“आपला गूळ साली चाळीस.” आबाला गणित येत नाही असं मी सगळीकडं सांगत आलो होतो. त्यानं ते डोळ्याची पापणी लवायच्या आत केलं. “साडेदहा वर्सं. म्हंजे इंजिन ऱ्हायलं, आजून साडेदहा वर्सं मी मोट हाकायची, आन् सगळा गूळ गावाला वाटायचा.”

“आबा, अडतिसात एकदाच येनार त्यो. सदतीस बाजूनं आपुन वाचतोय.”

“आन् भैरोबाचा कौल किती येळा खोटा पडतो?”

आमच्या हयातीत पडला नव्हता. आबानं आपली ढेप तरी उचलावी म्हणून हात घातला, तर तात्या म्हणाले, “आवं आबा, देवाफुडं ठिवलेलं उचलू नगा, बरं दिसत न्हाई.” आबानं हात मागं घेतला. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. तो रागावला असता, चार लोकांत थोबाडीत मारली असती, तरी चाललं असतं. त्यानं फक्त हाताचे तळवे धोतराला पुसले. वीस वर्षं मोटेचा नाडा धरून त्या तळव्यांचं चामडं झालं होतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

चाक फिरवणं भाग होतं. सगळं गाव भैरोबाचं नाव घेत होतं, म्हणजे देव त्यांच्या बाजूला गुंतलेला. त्याला त्याच्याच कौलाविरुद्ध गळ घालायची सोय नव्हती. म्हणून मी पलीकडच्या गावच्या मरीआईला नवस बोललो. आबाचेही ओठ हलत होते. नंतर कळलं, त्यानंही तिलाच गाठलं होतं.

गाडीचं चाक वजनदार, वंगण नवीन. एकदा ढकललं की थांबायचं नाव घेत नाही. मी गोटी सोडली. ती पत्र्याच्या कडेनं खळखळत पळाली, एक फेरा, दोन फेरे, दहा फेरे.  रखमानं डोळ्यांवर हात धरले होते आणि बोटांच्या फटीतनं बघत होती. मग गोटीचा वेग उतरला, ती आत घसरली, दोन घरांच्या फळ्यांवर आपटली आणि सतराच्या घरात गेली.

मी स्वतः बघितली. सगळ्या गावानं बघितली. पागोटी उडाली, तात्यांनी काठी वर केली. आबा खाली बसला. नुसता बसला, बैल बसतो तसा.

पण चाक अजून फिरत होतं. बापूनं घाईत ठोकलेला एक खिळा सतराच्या घरात जरासा वर राहिला होता. गोटी त्याच्यावर चढली, टुणकन उडाली, दोन घरं ओलांडून गेली आणि शून्याच्या मोकळ्या घरात जाऊन गप बसली. चाक थांबलं. गोटी हलली नाही. मी वाकून बघितलं, तात्यांनी वाकून बघितलं, गुरवानं तर जवळजवळ नाकच लावलं.

माझ्या अंगात एकदम सहा हत्तींचं बळ आलं. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसा माझा हंड्यात पडला. वाचलो एवढ्यावर मी गप्प बसावं की नाही? पण नाही. मी छाती काढली आणि म्हणालो, “शून्य! नेमाप्रमानं सगळा गूळ माल—”

आबानं माझ्या पायावर पाय दिला. साधा नाही, मोटेवरचा पाय. शब्द घशातच राहिला.

“गुरव,” आबा उठून म्हणाला, “मोकळं घर कुनाचं?”

गुरवाचा कौल पणाला लागला होता. तो असल्या प्रश्नाची वाटच बघत होता. “मोकळं घर देवाचं,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुनाचं आसंल?”

मग सगळ्या गावाला एकदमच उलगडा झाला. देवानं सतरा सांगितला तो उगीच नाही. घराघरात विखुरलेला गूळ त्याला एका जागी हवा होता. गोटी आधी सतरात नेली, गूळ मोजून घेतला आणि मग आपल्या घरी गेला. कौल खरा ठरला, कुणी हरलं नाही, आणि तात्यांनी तिथल्या तिथं बारा ढेपांचा भंडारा जाहीर केला. दुसऱ्या दिवशी गावात अशी लापशी झाली की कुत्रीसुद्धा झाडाखाली आडवी झाली. ज्याचा गूळ त्याच्याच पोटात गेला. माझा सकाळपासूनचा ढीगही आबानं त्यातच घालायला लावला.

चाळीस ढेपा मात्र घरी परत आल्या. एकही कमी नव्हती, आबानं दोनदा मोजल्या. रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, “लय वाचलो रं.” मग त्याला हसू फुटलं आणि ते आवरेना. रखमा हसली, मीही हसायला लागलो. तेव्हा आबा थांबला आणि म्हणाला, “तू हसू नगं.”

लापशी पचल्यावर गाडीला चाक परत बसवलं आणि आम्ही ढेपा भरून सांगलीला गेलो. गूळ चांगला गेला. तिथून थेट इंजिनाच्या दुकानात. दुकानदार भला माणूस होता. त्यानं आम्हाला चहा पाजला, इंजिन सुरू करून दाखवलं, त्याच्या बाजूचं ते मोठं लोखंडी चाक गरगर फिरायला लागलं. आबा एक पाऊल मागं सरला, चाकाभोवती सावकाश एक फेरी मारून आला आणि मग कुठं त्यानं मान हलवली.

“चालवायला तसं सोपं आहे,” दुकानदार म्हणाला. “तुमच्या घरात कुणी पलटणीतनं आलेलं असेल तर फारच उत्तम. त्यांना यंत्राची सवय असते.”

आबानं माझ्याकडं बघितलं.

“हाय एक,” तो म्हणाला. “पर त्येला आमी बैलांकडं ठिवलाय.”

इंजिन रखमा चालवायला शिकली. बैल तेव्हापासून माझ्याकडं आहेत. त्यांना आकडे येत नाहीत, त्यामुळं आमचं चांगलं जमतं.